केसाळ जाकिटं

यंदा दिवाळी सरताच पिंप्राळ्यातल्या पोरापोरींना एकच जाकीट हवं होतं. मेंढीसारखं केसाळ, ढगळ, साय किंवा राखेच्या रंगाचं. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं असं काही नाही. मोबाइलवर जो तो त्यातच दिसायचा. मिसबाहने वडिलांच्या, म्हणजे गनीभाईंच्या, दुकानात तो माल हट्टाने मागवला. गनीभाई स्वेटर आणि शाली विकण्यात म्हातारे झालेले. त्यांना ते कापड बघून हसू आलं होतं. पण गठ्ठे फुटले तसे संपत गेले, आणि त्यांनी पुन्हा मागवले.

मिसबाह स्वतःही तेच जाकीट घालून गल्ल्यावर बसायची. एका सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत चहा ठेवताना तिची बाही गॅसच्या जवळ गेली. भडका उडाला नाही. एक निळसर ज्योत मनगटापासून कोपरापर्यंत केसांवरून सरसरत गेली आणि तिने हात झटकायच्या आतच विझली. बाहीवर तपकिरी, कडक पापुद्रा उरला. खोलीभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. हाताला काही झालं नव्हतं, तरी ती बराच वेळ हात धरून उभी राहिली.

तिने अब्बांना बाही दाखवली आणि हा माल विकायला नको म्हणाली. गनीभाईंचं म्हणणं साधं होतं: कापड आगीजवळ नेलं तर जळणारच, आणि सगळ्या बाजारात हाच माल आहे. पण त्या दिवशी कुणी जाकीट मागितलं की ती, संपलं, असं सांगत राहिली.

दुपारी तिला मृणालीची आठवण झाली. मृणाली तिची कॉलेजातली मैत्रीण, आता एका पतपेढीत नोकरीला. तिने ऑफिसातल्या सगळ्यांसाठी, बाई-पुरुष न बघता, एकसारखी जाकिटं नेली होती. त्याच संध्याकाळी एरंडोल रस्त्यावर, पतपेढीतल्याच प्रशीलच्या शेतात त्यांची भरीत पार्टी होती. भरीत म्हणजे वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची. त्या काड्या कशा तडतडतात, ठिणग्या कुठवर उडतात, हे खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. मिसबाहने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग तिने अब्बांना काही न सांगता स्कूटर काढली.

ती पोहोचली तेव्हा दिवस बुडत होता आणि गारठा उतरला होता. शेताच्या बांधाजवळ काड्यांचा जाळ कमरेएवढा उठला होता. त्याच्याभोवती सगळे खांद्याला खांदा लावून उभे होते, सगळे त्याच जाकिटांत, आणि त्यांच्यातलीच संघमित्रा फोटोसाठी मोबाइल धरून त्यांना अजून जवळ सरकायला सांगत होती. मृणालीने हसत हात केला.

मिसबाहने जाकीट काढायला सांगितलं तेव्हा त्यांना ती थट्टा वाटली. तिने दुसऱ्यांदा सांगितलं नाही. अंगातलं स्वतःचं जाकीट काढून एका लांब काडीवर अडकवलं आणि जाळाच्या कडेला नेलं. ते आगीत पडलंही नव्हतं. ज्योत खालच्या काठाला लागली आणि पाठभर, बाहीभर, गळ्यापर्यंत एका दमात पसरली. मग आतलं अस्तर पेटलं आणि कापड वितळून थेंबाथेंबाने खाली पडू लागलं. प्रत्येक थेंब जमिनीवर जळत राहिला.

संघमित्राने मोबाइल खाली केला. एकेक जण मागे सरकत जाकीट उतरवू लागला. प्रशीलने मात्र उतरवून ते उजेडात धरलं. छातीवर तळहाताएवढा तपकिरी डाग होता.

"मघाशी एक ठिणगी पडली होती," तो म्हणाला. "मी हाताने झटकली. मला वाटलं, राख लागलीय."

मिसबाहने ते जाकीट मागून घेतलं. सगळ्यांनी तिला भरीत खाऊन जायचा आग्रह केला, पण ती तशीच निघाली.

दुकानात परतली तर मधली फळी रिकामी होती. उरलेला माल नरडाण्याचे व्यापारी रतिलालशेठ यांनी नेला, गनीभाई म्हणाले. तू विकत नव्हतीस, म्हणून त्याला देऊन टाकला. तिने प्रशीलचं जाकीट त्यांच्यापुढे ठेवलं आणि शेतात काय झालं ते सांगितलं. गनीभाईंनी डागावरून बोटं फिरवली. त्याच्या खाली माणसाची छाती होती, हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

"रतिलालला फोन लाव," ते म्हणाले.

रतिलालशेठ खुशीत होता. माल कारखान्यांच्या फाटकाबाहेर टेम्पोतच हातोहात गेला होता. अजून असेल तर पाठवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बापलेक सकाळच्या गाडीने नरडाण्याला गेले. धुकं अजून उठलं नव्हतं. रात्रपाळी सुटली होती आणि कामगार फाटकातून बाहेर पडत होते. त्यांच्यात मधूनमधून ती सायीच्या रंगाची, राखेच्या रंगाची जाकिटं दिसत होती. बायकांच्या अंगावर, पुरुषांच्या अंगावर. रस्त्याच्या कडेला टायरचे तुकडे आणि पुठ्ठे घालून ठिकठिकाणी शेकोट्या पेटलेल्या. लोक तिथे थांबत, हात पुढे करत.

गनीभाई गर्दीत शिरले. आयुष्यभर गिऱ्हाइकाला कापड अंगावर घालून दाखवलेला तो माणूस आता परक्यांच्या बाह्या धरून, हे काढा, असं सांगत होता. दोघी बायकांनी ऐकलं आणि जाकिटं काढून हातावर घेतली. काहींना म्हातारा चळलाय असं वाटलं. तेच जाकीट घालून शेकोटीशी बसलेल्या आधार नावाच्या एका कामगाराला मिसबाहने जळका डाग दाखवला. त्याने तो नीट बघितला.

"बठ्ठाच घालतस," तो म्हणाला. "मी एकलाच काबर काढू? थंडी शे ना."

सगळेच घालतात, मग एकट्यानेच का काढायचं, असा त्याचा सवाल; आणि तो शेकोटीकडे थोडा अजून सरकला.

मिसबाह त्याच्या शेजारीच बसली. तिने त्याच्या बाहीवर नजर ठेवली आणि पेट घेतलाच तर वर टाकायला अंगावरची शाल काढून हातात धरली. पलीकडे धुक्यात अब्बांचा आवाज येत होता, आणि त्याच्याही पलीकडे, रस्ता जाईल तिथवर, शेकोट्या दिसत होत्या.