माझ्यावर सिनेमा निघाला

मी एक कादंबरी बोलतेय. विज्ञान कादंबरी. पानं तीनशे बारा, पाठीवर एक चीर, आणि मुखपृष्ठावर एका तरुणीचा फोटो, जिचा माझ्याशी काडीचाही संबंध नाही.

ती सिनेमातली. माझी नायिका चोपन्न वर्षांची आहे. तिचा डावा गुडघा दुखतो, आणि दूरच्या एका अवकाशस्थानकावर ती यंत्रं दुरुस्त करते. माझ्यावर सिनेमा निघाला आणि ती एकदम तिशीची झाली, गुडघाही बरा झाला. हवा शुद्ध करायचं यंत्र ती माझ्यात चाळीस पानं खपून दुरुस्त करते; तिथं ते अर्ध्या मिनिटात, संगीताच्या तालावर उरकलं. वर विनोद करणारा एक यंत्रमानव घुसवला. तो माझ्या एकाही पानावर नाही. सिनेमा चालला, म्हणून प्रकाशकानं मला पुन्हा छापलं आणि त्या तरुणीला माझ्या तोंडावर चिकटवलं. पोटच्या पोरीच्या लग्नात आपल्यालाच कुणी ओळखू नये, तशी माझी गत झाली.

मला विकत घेतलं ते विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांच्या यजमानांचं खाली चष्म्यांचं दुकान, वर घर. दुनियेला वाचायचे चष्मे देणाऱ्या या माणसानं स्वतः एकही पुस्तक पुरं केलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "आचाऱ्यानं सगळं चाखलंच पाहिजे असं कुठाय?"

त्या घरात एक रीत होती. विज्ञानाच्या गोष्टीवरचा सिनेमा आला की दोघं तो बघायचे. बाईंनी पुस्तक आधीच वाचलेलं असायचं. मग रविवारी दुपारी जेवणं झाली की खटला उभा राहायचा. बाई पुस्तकाच्या वकील, चष्मेवाले सिनेमाचे. प्रत्येकाला तीन मुद्दे. निकाल लेकीचा, ती नोकरीसाठी परगावी गेल्यावर तो फोनवरून यायचा. हरेल त्यानं भांडी घासायची.

मी कपाटात नवीन होते तेव्हा ऐकलेला एक खटला आठवतो.

"पुस्तकात अख्खी पृथ्वी बुडते," बाई म्हणाल्या. "तुमच्या सिनेमात एकच शहर बुडालं, आणि पाणी बरोबर नायकाच्या फाटकाशी थांबलं."

"अगं, एवढं पाणी आणायचं कुठून?"

"मग बुडवायला घ्यायचं कशाला?"

त्या दिवशी भांडी चष्मेवाल्यांनी घासली. बहुतेक वेळा तेच घासत. एकदाच उलटं झालं. त्या पुस्तकात झाडं तीनशे पानं बोलतात, सिनेमात ती नुसती उभी असतात. बाई प्रामाणिक. म्हणाल्या, "हे मात्र सिनेमानं बरं केलं," आणि पदर खोचून उठल्या.

माझा खटला अवघड होता; या वेळी सिनेमा आधी झाला होता, पुस्तक मागाहून आलं. माझ्यावरचा सिनेमा चष्मेवाल्यांनी चार वेळा पाहिला होता, तो शेवटासाठी. शेवटी नायिकेचं यान समुद्रात उतरतं, किनाऱ्यावर तिचा नवरा वाट बघत असतो. तिथं दर वेळी यांच्या डोळ्यात काहीतरी जायचं. माझ्यात मात्र ती परत येत नाही. यान एकच असतं. त्यातून बाकीचे घरी जातात, आणि यंत्र चालू ठेवायला ती मागं थांबते. शेवटच्या पानावर ती घराच्या दिशेनं रेडिओ लावते आणि बोलू लागते. बस, मी तिथं संपते.

मला वाचायला घेतलं त्याच महिन्यात बाई आजारी पडल्या. शाळेत जाणं सुटलं. चष्मेवाले दुपारी दुकान बंद करून दुरुस्तीच्या फ्रेमा वर आणू लागले आणि पलंगाशेजारी बसू लागले.

"मोठ्यानं वाच," ते म्हणाले. "तेवढाच माझाही अभ्यास."

मला कुणी मोठ्यानं वाचण्याची ती पहिलीच वेळ. यंत्रदुरुस्तीच्या चाळीस पानांना तर ते हातातलं काम विसरले. "हे सिनेमात का नाही घेतलं? निदान स्क्रू कुठला ढिला होता ते तरी दाखवायचं." मी अशी फुलले की बांधणी सैल व्हायची बाकी होती.

शेवटचं प्रकरण आलं त्या सकाळी दोघं डॉक्टरांकडून परतले होते. जेवताना दोघांच्याही ताटात पोळी तशीच राहिली. दुपारी बाईंनी मला उघडलं.

"शेवटी येते ना ती घरी?" चष्मेवाल्यांनी विचारलं. मान खाली, चिमट्यात बारीक स्क्रू. "सिनेमातल्यासारखी?"

बाईंची नजर माझ्या शेवटच्या पानावर होती. खालचं अर्धं पान कोरं.

"येते की," त्या म्हणाल्या, आणि कोऱ्या भागावरून वाचू लागल्या. यान समुद्रात उतरलं. किनाऱ्यावर नवरा उभा होता. घाईत त्यानं दोन पायांत दोन वेगळ्या चपला घातल्या होत्या. ते बघून ती हसली आणि म्हणाली, मी नसताना असाच फिरत होतात का?

यातलं एक अक्षर माझं नव्हतं. चपला तर सिनेमातही नव्हत्या. आयुष्यभर पुस्तकाची बाजू लढवलेल्या बाई माझ्यासमोर धडधडीत खोटं वाचत होत्या, आणि मला ब्रसुद्धा काढता येत नव्हता.

"म्हणजे दोन्ही सारखंच," चष्मेवाले म्हणाले. "बरोबरी."

"बरोबरी."

"मग भांडी?"

"दोघांनी."

त्यांनी घासली, बाईंनी स्टुलावर बसून पुसली.

पुढच्या वर्षी बाई गेल्या.

काही महिन्यांनी लेक आली. बाईंची पुस्तकं त्यांच्या शाळेला द्यायचं ठरलं होतं. मला खोक्यात ठेवताना चष्मेवाल्यांनी तिचा हात धरला.

"हे राहू दे. सिनेमानं शेवट जसाच्या तसा ठेवलेलं हे एकच पुस्तक."

"कुठलं, हे? बाबा, यात ती परत येत नाही. मी कॉलेजात वाचलंय."

"तुझी प्रत वेगळी असेल."

"शेवट कसा वेगळा असेल?"

"मी ऐकलंय. तुझ्या आईनं वाचून दाखवलंय."

लेकीच्या लक्षात आलं असावं. तिनं मला हळूच टेबलावर ठेवलं आणि चहा टाकायला गेली. चष्मेवाल्यांनी खिशातून चष्मा काढला. मी घाबरले. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा मला उघडणार, आणि मी त्याला काय दाखवणार? बाईंचा खोटेपणा. पानं चिकटवून घेता आली असती तर घेतली असती.

त्यांनी शेवटचं पान वाचलं. बोटानं चपला शोधल्या. मागचं पान पाहिलं, तिथंही नव्हत्या. ते माझ्यावर हात ठेवून बसले.

लेक चहा घेऊन आली. ते म्हणाले, "हातचा खटला सोडून दिला गं तिनं. माझ्यासाठी."

नंतर त्यांनी मला पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. रोज दुपारी चार पानं, ओठ हलवत. तीन महिने लागले. शेवट झाल्यावर त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि त्या कोऱ्या अर्ध्या पानावर यान समुद्रात उतरवलं. एक वाक्य दोनदा खोडलं, कारण बाईंचे शब्द नेमके आठवेनात. चपला मात्र बरोबर आल्या.

आता मी दुकानात, त्यांच्या गल्ल्याशेजारी असते. परवा मला शाळेत पाठवायचं त्यांनी स्वतःच ठरवलंय. म्हणतात, बाईंची पुस्तकं एकत्र असावीत.

म्हणून तुम्हाला एक विनंती. मी तुमच्या हाती आले तर आधी छापलेलं वाचा, मग पेन्सिलीतलं. सिनेमाही खुशाल बघा, त्या यंत्रमानवाला हसा. कुठला शेवट चांगला यावर भांडायचं तेवढं भांडा. फक्त कुणी नीटनेटका माणूस खोडरबर घेऊन आला, तर त्याला सांगा, हे पान पुरं झालेलं आहे.