आमच्या घरात आता काहीच वाया जात नाय

माझं पोट भरत नाय. सरळच सांगते, आता लाज कशाची? गारखेड्यात स्वतःचं घर, नवरा कंपनीतून रीतसर रिटायर, पोरगा नोकरीला, पोरगी कॉलेजला, आणि घरची बाई दुपारी पाणी पिऊन भूक मारते! कुणाला सांगितलं तर हसतील. म्हणून मी कुणाला सांगितलंच नाय.

ह्याला कारण आमचे हे. राजेंद्र. सगळी उमर वाळूजच्या कंपनीत स्टोअर सांभाळलं. रिटायर झाले, हाताला काम उरलं नाय, मग घुसले माझ्या स्वयंपाकघरात. आधी डबे उघडून बघितले. मग म्हणाले, "किराणा लई जातोय आपला. आता पगार नाय. सोनियाची फी अजून बाकी आहे. प्लॅनिंग पाहिजे."

म्हटलं, करा बाबा. चार दिवसांचं खूळ, उतरेल. कशाचं उतरतंय! आठवड्याचा मेनू फ्रिजवर चिकटला. सोमवारी काय, मंगळवारी काय, सगळं ठरलेलं. मला एखाद्या दिवशी पिठलं करावंसं वाटलं, तर म्हणे ते शुक्रवारी. कांदे मोंढ्यातून, तेलाचा डबा होलसेलमधून, ज्वारी अजिंठ्याकडच्या चुलतभावाच्या शेतातून, भाजी बाजार उठायच्या वेळी. खोटं कशाला बोलू, खर्च खरंच कमी झाला. इथवर माझी काही तक्रार नव्हती.

पण मग ह्यांनी आठवडाभर टेबलाशी बसून कोण किती खातं ते बघायला सुरुवात केली. सासूबाई एक भाकरी आणि मऊ भात. सत्यम तीन भाकरी. सोनिया दीड, डाएटवर असली की एक. स्वतः दोन. सगळ्यांची जेवणं झाली की दुरडीत डोकावायचे, पातेल्याचं झाकण उचलायचे, मान हलवायचे आणि हात धुऊन पेपर वाचायला जायचे.

आता तुम्हीच सांगा, मी कधी जेवते? गरम भाकरी टाका, वाढा, कुणाला मीठ, कुणाला ताक. सगळं उरकलं की मी ओट्याशी ताट घेते. दुरडीत राहिलेल्या भाकरी आणि पातेल्याच्या बुडाचं कालवण, हेच माझं जेवण. माझी आई अशीच जेवली, सासूबाईही अशाच जेवल्या. मला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं.

आठवडा संपल्यावर साहेबांनी जाहीर केलं, "रोज दोन-तीन भाकऱ्या आणि वाटीभर कालवण वाया जातं या घरात. उद्यापासून मोजकंच करायचं."

वाया! हातातला पिठाचा गोळा हातातच राहिला माझ्या. बोलणार होते, पण शब्द गिळले. स्वतःच्या घरात 'मलाही जेवायला ठेवा हो' असं म्हणायचं? म्हटलं, डोळे आहेत ना ह्यांना, दिसेल. ह्यांना नाय दिसलं तर पोरांना दिसेल.

दुसऱ्या दिवसापासून पीठ हे स्वतः मापून परातीत काढून द्यायला लागले. कंपनीत माल द्यायचे ना, अगदी तसंच. मी मागून दोन मुठी पीठ घेतलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण माझ्याच घरात मी चोरी का करू? माझंही डोकं फिरलं होतं. म्हटलं, बघतेच किती दिवस दिसत नाय ते.

नाय दिसलं. सत्यम "आई, कालवण एक नंबर!" म्हणून पातेलं पुसून खायचा. मला कधी अर्धी भाकरी आणि चटणी, कधी तेवढंही नाय. दुपारी चहात टोस्ट बुडवून वेळ काढायची. सोनिया एकदा म्हणाली, "आई, बारीक झालीस. छान दिसतेस." कपाळ माझं!

मग कॉलनीतल्या बायकांची भिशी आमच्या घरी आली. समोरच्या प्रमोदिनीवहिनींनी ह्यांना हाक मारली, "भाऊजी, किराणा तुम्ही निम्म्यावर आणलात म्हणे. आम्हालाही सांगा की!"

झालं. ह्यांना तेवढंच पाहिजे होतं. शर्टाच्या बाह्या सारख्या करून बायकांसमोर उभे राहिले. कांदे कुठून घ्यायचे, तेल कधी भरायचं, भूक लागली असताना बाजाराला का जायचं नाय. बायका कौतुकानं ऐकत होत्या. हे आणखीच फुलले.

"पण खरी गळती कुठं आहे सांगू? उरण्यात! सगळ्यांची जेवणं झाली तरी आमच्याकडं दोन-तीन भाकऱ्या राहायच्या. आता दुरडी साफ रिकामी. काहीच वाया जात नाय."

एकेक जण माझ्याकडं बघायला लागली. त्यातल्या बहुतेकजणी माझ्यासारख्याच, सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या. कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

प्रमोदिनीवहिनींनी विचारलं, "मग वहिनी काय जेवतात?"

"ती? ती नंतर जेवते की."

"हो, पण नंतर काय जेवतात?"

हे माझ्याकडं वळले. आणि चारचौघींत मलाच विचारलं, "काय जेवतेस गं तू?"

असा संताप आला ना! "तुम्ही ज्याला वाया म्हणता तेच जेवत होते," मी म्हणाले. "आता ते पण नाय." आणि चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले. रडायचं नव्हतं, तरी रडले.

बायका गेल्यावर हे ओट्यापाशी आले. "मग तोंडानं सांगायचं नाय व्हय?"

घ्या! मी भिशीच्या कपबश्या विसळायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पीठ थोडं जास्त काढून दिलं. थोडं म्हणजे एका भाकरीचं! माझ्या भुकेचा हिशेब त्यांनी एका भाकरीत उरकला होता. मी सगळ्या भाकरी थापल्या, दुरडी टेबलावर नेऊन आदळली आणि सगळ्यांच्या बरोबर ताट घेऊन बसले.

घरात नुसती गडबड. सत्यम पाण्याचा तांब्या शोधत फिरला, ह्यांना मीठ सापडेना. मी जेवत होते. कालवण गरम होतं. गरम कालवण कसं लागतं ते मी विसरूनच गेले होते. एक भाकरी झाली, दुसरी झाली, तिसरी घेतली.

सोनिया माझ्या ताटाकडं बघत राहिली. "आई, तू तीन भाकरी खातेस?"

चेष्टा नव्हती करत पोरगी, तिला खरंच नवल वाटलं होतं. कॉलेजला जाणाऱ्या पोरीला आपली आई किती जेवते ते माहीत नव्हतं.

"आधीपासूनच," मी म्हणाले.

सत्यमनं दुरडीत हात घातला. दुरडी रिकामी. त्यानं माझ्याकडं बघितलं, सोनियानं बघितलं, ह्यांनीही बघितलं. सवयच ती. मी ठेच्याचं बोट चाटलं आणि पुढचा घास मोडला.

इतका वेळ सासूबाई खाली मान घालून भात कालवत होत्या. त्यांनी मान वर केली ती थेट लेकाकडं.

"राजा, ऊठ. पीठ कुठं हाय, किती हाय, समदं तुला ठावं हाय. थाप भाकरी."

हे उठले. मी उठले नाय.