मुक्बिलच्या घरचं मीठ

माझा नवरा वजदी परदेशी बातमीदारांचा दुभाष्या आहे. आमच्या शेजारणींना वाटतं, तो साहेबांबरोबर रोज मेजवान्या झोडत असेल. खरं सांगू? अशा मेजवानीहून आला की तो आधी घरातली शिळी भाकरी शोधतो. यजमान बोलतो तेव्हा पाहुणा जेवतो, पाहुणा बोलतो तेव्हा यजमान. वजदीला दोन्ही वेळा बोलावं लागतं. मी त्याला चिडवायची, की दोघांचं तोंड होतोस, मग स्वतःचं कुठे ठेवून येतोस?

हसण्यावारी न्यायची गोष्ट होती ती. पण तिच्यापायीच त्याच्या जिवावर बेतलं.

डोंगरातल्या एका गावात मुक्बिल नावाच्या शेतकऱ्याकडे तो टोबियास नावाच्या बातमीदाराला घेऊन गेला होता. मुक्बिलने पाहुण्यांसाठी बकरा कापला. टोबियासने ताव मारला, करपलेल्या ज्वारीचं आणि विमानांच्या भीतीचं सगळं लिहून घेतलं, आणि आपल्या देशी निघून गेला. पुढच्याच आठवड्यात विमानांनी त्या गावच्या पाण्याच्या टाकीवर बॉम्ब टाकला. मुक्बिलच्या भावाचा पाय गेला.

संशय टोबियासवर आला नाही. तो त्या घरचं मीठ खाऊन गेला होता, आणि मीठ खाल्लेला माणूस घात करत नाही हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. वजदीपुढची भाकरी मात्र मोडलेली, पण तशीच पडून राहिली होती. मुक्बिल बाजारभर सांगत सुटला, की घात करायचा होता म्हणूनच हा जेवला नाही, हा हेर आहे. ज्याला हेर म्हणतात तो पुढच्या तपासणी नाक्यावरून घरी परत येत नाही. आमच्या ओळखीचे दोघं असेच गेले. परदेशी माणूस निघून जातो, दुभाष्याला त्याच रस्त्यावर राहावं लागतं.

मी म्हटलं, टोबियासला फोन कर, तो सांगेल तू कसा आहेस ते.

"तो काहीही बोलला तरी त्याचं भाषांतर मीच करणार ना?" वजदी म्हणाला. "कोण विश्वास ठेवील?"

शेवटी त्याने रिवाजाप्रमाणे कमरेचा खंजीर काढून डोंगरातले तंटे सोडवणाऱ्या शेख हमूदपुढे ठेवला. म्हणजे तुम्ही द्याल तो न्याय मान्य. मुक्बिलनेही आपला ठेवला. जखमी भावाला हलवता येत नव्हतं, म्हणून बैठक मुक्बिलच्याच घरी भरली. मीही गेले. घरी बसून नवऱ्याची वाट बघायचा माझा स्वभाव नाही.

पुरुष बाहेरच्या खोलीत बसले आणि मी आत चुलीपाशी. तिथे मुक्बिलची म्हातारी आई, नूरिया, माझ्याकडे पाठ करून पीठ मळत होती. बाहेर मुक्बिलचा आवाज चढत होता. वजदी म्हणत होता, मला जेवायला वेळ मिळाला नाही, आणि ते ऐकून लोक फिदीफिदी हसत होते. माझं डोकं फिरलं.

"मावशी, त्या दिवशी वाढलंत तुम्ही," मी म्हटलं. "माझा नवरा का जेवला नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक नसायला काय झालं? दाराआडून बघत होते. त्यानं घास उचलला की आमचा मुक्बिल नवी गोष्ट काढायचा. रश्श्यावरचा घुसळलेल्या मेथीचा फेस बसला, रस्सा निवला, पण मुक्बिलचं तोंड थांबेना."

"मग बाहेर जाऊन सांगा."

"बोलतोय तो माझा लेक आहे, पोरी. आणि ज्याचा पाय गेला तोही माझाच."

"आणि तिथे बसलाय तो माझ्या मुलांचा बाप."

तिने पिठाचा गोळा बाजूला सारला. मग हात पुसून उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"शेख, माझ्या चुलीवरचं कोण जेवलं आणि कोण उपाशी राहिलं, हे माझ्या लेकाला कधीपासून कळायला लागलं?" ती म्हणाली. "ह्या माणसाला त्यानंच जेवू दिलं नाही. आजोबाच्या उंटाची गोष्ट सांगत बसला होता."

"पण आई, टाकी..." मुक्बिल म्हणाला.

"टाकी डोंगरमाथ्यावर होती. ती विमानातून दिसायला कुणाला उपाशी राहावं लागत नाही."

कोपऱ्यातल्या खाटेवरून जखमी भाऊ म्हणाला, "ती उंटाची गोष्ट खरंच फार लांब आहे." मग मात्र सगळी खोली हसली, आणि ह्या वेळचं हसू वजदीवर नव्हतं.

शेखने निवाडा दिला. वजदीने आज ह्याच घरी जेवायचं. एकदा हे मीठ पोटात गेलं, की तो मुक्बिलच्या आसऱ्याला. ह्या डोंगरातल्या प्रत्येक नाक्यावर मुक्बिल त्याच्याबरोबर चालेल, आणि वजदीला हात लावणाऱ्याची गाठ मुक्बिलच्या सगळ्या जमातीशी. "आणि त्याचं जेवण होईपर्यंत," शेख म्हणाला, "कुणी बोलायचं नाही."

उकळता रस्सा बाहेर गेला, वर मेथीचा ताजा फेस. भरलेली खोली चिडीचूप झाली. एकदा मुक्बिलने तोंड उघडलं, तशी नूरियाने आतून पळी आपटली आणि त्याने ते मिटलं. लढाई काही संपली नव्हती. पण मला माझ्या नवऱ्याचा भाकरी मोडण्याचा आणि चावण्याचा आवाज येत होता, आणि मी चुलीपाशी बसून पोटभर रडले.

वजदीने भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने भांडं पुसून घेतलं, मग हात पुसले.

"हं," तो म्हणाला, "त्या उंटाचं शेवटी काय झालं, मुक्बिलभाऊ?"