राखणदारणीचं चिलखत

"कुठून सुरू करू?" कृष्णकांतांनी विचारलं.

त्यांच्या दोन्ही हातांत प्लास्टरची ओली पट्टी लोंबत होती आणि तिचं पांढरं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. मागच्या खोलीत जुनी वर्तमानपत्रं अंथरून लतिका त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. अंगात लेकीचा, नूपुरचा, कॉलेजातला घट्ट टी-शर्ट, त्यावर पोळ्या गुंडाळायची पातळ पन्नी लपेटलेली, हात अंगापासून जरा लांब धरलेले.

"मानेखालून," ती म्हणाली. "आन एकावर एक चढवत खाली या. जरा दाबून लावा, मी काही मोडून नाही राहिली."

अंगाच्या साच्याचा पुढचा भाग तिनं आरशात बघून स्वतःच केला होता. पाठीला हात पोचेना, म्हणून नवऱ्याला सांगावं लागलं. त्यांनी दोन-तीन दिवस टाळाटाळ केली. आधी म्हणाले, नूपुर दिवाळीत आली की करू. मग म्हणाले, आपल्याला हे जमायचं नाही. त्यांचा विरोध नव्हता, त्यांना संकोच वाटत होता, आणि तो कशाचा हे लतिकाला कळत होतं. लग्नाला पंचविशी उलटून गेली होती. गॅसची टाकी, पाण्याची मोटर, नूपुरची नोकरी, सगळ्यावर दोघं बोलत. हातच तेवढे एकमेकांपासून लांब गेले होते.

कृष्णकांतांनी पहिली पट्टी मानेखाली ठेवली आणि लगेच हात काढून घेतला.

"थंड लागते काय?"

"लागते. लावा तुम्ही. थोड्या वेळानं आपोआप गरम होते."

लतिका धंतोलीतल्या एका दवाखान्यात स्वागतकक्षात बसायची. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, कुठून कुठून माणसं यायची, खिडकीशी वाकून नाव सांगायची आणि तिनं बोट दाखवलं की आत जायची. परत जाताना त्यांतलं कुणी तिच्याकडे बघत नसे. त्यात बघण्यासारखं काय आहे, असं तिलाही वाटे.

नूपुर बंगळुरूला गेली तेव्हा आपला गेम खेळायचा डबा आणि रिमोट घरीच ठेवून गेली. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, यमुताई, गेल्यानंतर संध्याकाळ एकदम मोकळी झाली होती. औषध नाही, अंग पुसणं नाही, कूस बदलणं नाही. त्या मोकळ्या वेळाचं करायचं काय, हे लतिकाला समजेना. फोनवर नूपुरनं डबा कसा लावायचा ते शिकवलं आणि लतिका एका जुन्या राज्याच्या गोष्टीत शिरली. खेळाची नायिका तरुण होती, तलवार चालवायची. लतिकाला मात्र ती तलवार वेळेवर चालवता येईना. पहिल्याच पुलावर ती मरायची आणि मेली की पुन्हा वेशीपाशी उभी राहायची. त्या वेशीवर एक वयस्क राखणदारीण होती. पोचे पडलेलं चिलखत घालून भिंतीला टेकलेली. हा खेळ खेळणारी बाकीची पोरं तिच्या बाजूनं सुसाट धावत निघून जात असतील. लतिकाची मात्र तिच्याशी रोज कितीदा तरी भेट व्हायची. शेवटी ती पुलाकडे जायच्या आधी तिच्यापाशी थोडं थांबायलाच लागली.

नागपुरात पोरं एका हॉलमध्ये जमतात आणि गेममधले पोशाख घालून स्पर्धा करतात, हे नूपुरनंच सांगितलं. मस्करीत म्हणाली, आई, तूही जा. लतिकानं मस्करी मनावर घेतली. पोशाख कुणाचा करायचा, यावर तिला विचार करावा लागला नाही.

पट्ट्या कमरेपर्यंत आल्या तसं प्लास्टर तापू लागलं. कृष्णकांतांचे हात आता घाबरत नव्हते. कडा नीट बसवत, फुगा आला तिथे अंगठ्यानं दाबत ते काम करत होते. कन्हानच्या खाणीच्या ऑफिसात अंधारात निघून अंधारात परतण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि निवृत्तीनंतरचं हे पहिलंच वर्ष घरात होतं. लतिकाच्या पाठीवर ऊब पसरत गेली. प्लास्टर टणक झालं का, हे बघायला त्यांनी बोटानं टिचकी मारली आणि आवाज ऐकून दोघांनाही हसू आलं.

बाजूंनी कापून दोन्ही शिंपले काढले, जोडले आणि आत प्लास्टर ओतलं. दुसऱ्या दिवशी वरचं कवच सोलल्यावर खोलीत स्टुलावर लतिकाचं धड उभं राहिलं.

लतिकानं आजवर स्वतःची पाठ पाहिली नव्हती. माणूस कधी बघतं? तिनं स्टुलाला वळसा घातला आणि ती थांबली. डावा खांदा चांगलाच खाली गेला होता. मानेपासूनची उतरण उजवीकडे एक आणि डावीकडे दुसरी. कणाही त्या बाजूला थोडा कललेला. पट्ट्या लावताना काही चुकलं असेल, म्हणून तिनं कपाटाच्या आरशासमोर उभं राहून खांदे चाचपले. चुकलं नव्हतं.

कृष्णकांतही धडाकडे बघत होते. ती म्हणाली, मातीनं सारखं करून घेईन.

मूर्तिकारांच्या चितारओळीतून शाडू आणली. पोळपाटावर लाटून मातीच्या पाट्या केल्या, त्या धडावर एकावर एक चढवल्या, उलथन्याच्या कडेनं रेषा ओढल्या, वाढायच्या डावाच्या पाठीनं पोचे पाडले. डाव्या खांद्यावर भर घालून दोन्ही बाजू सरळ ओळीत आणल्या. राखणदारणीचे खांदे सरळ होते. मग मातीवरून प्लास्टरचा साचा घेतला आणि गच्चीवर, तोंडाला रुमाल बांधून, साच्यात फायबरचं कापड आणि वाळून कडक होणारं रेझिन थरांनी बसवलं. त्या वासानं डोकं धरायचं. कृष्णकांत शेजारी बसून कापडाचे तुकडे कापून देत. आताशा त्यांना सांगावं लागत नसे.

साच्यातून निघालेलं चिलखत देखणं होतं. लतिकानं ते अंगावर चढवलं, पट्टे आवळले आणि दोन पावलं चालली. चिलखत डावीकडे घसरलं. डाव्या खांद्यापाशी आत पोकळी होती, चिलखताला टेकायला काही नव्हतंच. तिनं स्पंज भरला, पट्टा आणखी आवळला. पाऊल टाकलं की ते पुन्हा फिरायचं आणि त्याची कड गळ्याला लागायची. संध्याकाळपर्यंत तिनं निरनिराळे उपाय करून पाहिले. शेवटी ते काढून भिंतीशी ठेवलं आणि पोळ्या लाटायला गेली.

भाजीला फोडणी दिली तरी कृष्णकांत आले नाहीत, म्हणून ती बघायला गेली. ते मागच्या खोलीत दिवा न लावता स्टुलासमोर खुर्ची घेऊन बसले होते. मातीचे तुकडे अजून चिकटलेल्या त्या धडाच्या डाव्या खांद्यावर त्यांचा हात होता.

"आईले तू डाव्या खांद्यावरच घ्यायची ना?" त्यांनी विचारलं.

लतिका दारातच उभी राहिली. "हौ. उजवीकडे भिंत होती. खाट भिंतीले लागून होती ना."

"खाट मी लावली होती."

तिनं पिठाचे हात एकमेकांवर चोळले.

"सरकवता आली असती," ते म्हणाले. "दोन माणसांचं काम होतं. एखाद्या रविवारी तू आन मी केलं असतं. मले दिसलंच नाही. रोज त्या खोलीत यायचो, आईले विचारायचो, कशी आहेस. तुह्या खांद्याचं कधी मनातच नाही आलं."

लतिकाला सांगता आलं असतं की तिच्याही मनात आलं नव्हतं. पण ते खरं नव्हतं. आलं होतं, पुष्कळदा आलं होतं. आज सांगू, उद्या सांगू असं करत ते राहून गेलं, आणि मग सांगण्यासारखं काही उरलंच नाही. सासूबाई शेवटी शेवटी इतक्या हलक्या झाल्या होत्या की एका हातानं उचलल्या जायच्या. ती आत आली आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. दोघं त्या पांढऱ्या पाठीकडे बघत राहिले.

"ते चिलखत त्या राखणदारणीच्या मापाचं झालं," कृष्णकांत म्हणाले. "तुह्या मापाचं कर."

दुसऱ्या दिवशी लतिकानं पुन्हा शाडू मळली. या वेळी भर घातली नाही. पाट्या खांद्यावरून जशा उतरायच्या तशा उतरू दिल्या. नवा साचा, नवं फायबर. गच्चीवर रेझिन लावताना कृष्णकांतांनी ब्रश मागून घेतला आणि डाव्या खांद्याचे थर स्वतः दिले. तिथे त्यांनी कापडाचा एक थर जास्तच दिला. तिनं पाहिलं आणि रेझिनचा डबा त्यांच्याकडे सरकवला. चढवल्यावर चिलखत अंगावर बसलं ते हललंच नाही. वजन मात्र होतं.

हॉलमध्ये सगळी पोरंपोरी होती. कुणाचे पंख, कुणाच्या तलवारी, रंगवलेले केस. लतिकाच्या वयाचे होते ते पोरांना सोडायला आलेले आईबाप. नाव पुकारल्यावर ती मंचावर गेली. मग मागून एका मुलीनं राखणदारणीचं नाव घेतलं आणि टाळ्या सुरू झाल्या.

परीक्षक अदबशीर तरुण होता. त्यानं चिलखताभोवती फिरून बघितलं, पोच्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं की हे सगळं घरीच केलं का. मग जरा अवघडून म्हणाला, "काकू, काम एक नंबर आहे. फक्त डावीकडे साचा बसलेला वाटते. गेममध्ये तिचे खांदे सरळ आहेत."

"साचा नाही बसला," लतिका म्हणाली. "माहा खांदा बसला आहे."

तो हसला, पण तिच्याकडे बघून थांबला आणि त्यानं मान डोलावली. बक्षीस एका पंखवाल्या मुलाला मिळालं. ते रास्तच होतं, पंख उघडत-मिटत होते.

मंचावरून उतरल्यावर पोरांनी तिला गराडा घातला. एकेकाला तिच्यासोबत फोटो हवा होता. कुणी म्हणे, काकू, जरा रागावून बघा. कुणी म्हणे, भिंतीला टेका. लतिकाला राग काही आणता येईना. बसायची सोय नव्हती, चिलखत घालून खाली वाकता येत नव्हतं आणि डावीकडचा पट्टा आता चांगलाच रुतू लागला होता. तिनं एकदा मान फिरवून कृष्णकांत कुठे आहेत ते पाहिलं. पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन ते मघापर्यंत भिंतीशी उभे होते, आता तिथे नव्हते.

तेवढ्यात खांद्यावरचं वजन हलकं झालं. मागून एक तळहात चिलखताच्या डाव्या पाटीच्या खाली येऊन टेकला होता. आपण फोटोत येऊ नये म्हणून कृष्णकांत तिच्या पाठीमागे गुडघ्यांत वाकून उभे होते. पुढे अजून पुष्कळ पोरं रांगेत होती.

"दुखून राहिलं काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता नाही," लतिका म्हणाली आणि समोरच्या मुलाच्या मोबाइलकडे बघू लागली.