मारुतीपुढची गोटी

मित्रांनो, दगड म्हणून मला हिणवू नका. लातूरकडच्या मुरुडच्या पलीकडल्या एका गावात, मारुतीच्या पारापुढची मी जुनी गोटी आहे. काळी, गोल, गुळगुळीत, आणि भल्याभल्यांचा माज उतरवणारी. पाथरवटाने मला घडवलं तेव्हा मुद्दाम कुठे धरायला जागा ठेवली नाही. सहज उचलता आलं असतं तर मला विचारलं कुणी असतं?

पट्टा आणि भाला चालवणाऱ्यांच्या काळापासून ही रीत चालत आली. हातात हत्यार मिळण्याआधी अंग कसाला लागायचं. आधी जोर-बैठका, मग करेला, म्हणजे जडशीळ मुद्गल, फिरवायचा आणि शेवटी माझ्याशी गाठ. मला उचलायची तऱ्हाही ठरलेली. खाली बसून पोटाशी घ्यायचं, मांडीवर चढवायचं, मांडीवरून छातीवर, छातीवरून खांद्यावर, आणि मागे टाकून द्यायचं. जो टाकील त्याला नागपंचमीला फेटा!

आमच्या तालमीचे वस्ताद चंद्रप्पा. "नुसती रग असून भागत न्हाई, कळ सोसता आली पाहिजे," असं ते सांगायचे. पोरींना तालमीत मज्जाव होता, म्हणून आपल्या लेकीला, जगदेवीला, त्यांनी घराच्या परसात लहान-मोठे धोंडे उचलायला शिकवलं. लोक हसले. वस्तादांनी तिकडे कानाडोळा केला.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. आडाने तळ दाखवला. सरकारी सुकडी खाऊन जोर कोण काढणार? सारं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं, जगदेवीसुद्धा. पाराशेजारच्या सरजाबाईने एके दिवशी मला तेल-शेंदूर माखला आणि पाऊस मागितला. पुढच्या साली पाऊस पडला. झालं! ढगांची कमाई आणि नाव माझं. बसल्या जागी मी देव झाले.

रोज नारळ, रोज हार. पण देवाला मांडी कशी लावायची? कुणी मला शिवेना. तालमीला कुलूप लागलं, पोरं पारावर टिवल्याबावल्या करू लागली. वस्ताद येता-जाता माझ्याकडे बघून मान वळवायचे, तेव्हा माझा जीव तुटायचा. मित्रांनो, पाया पडूनही एखाद्याला अडगळीत टाकता येतं.

दहा वर्षं अशीच गेली. लातूर जिल्हा झाला. गावाने साखर वाटली, आणि मागोमाग रस्ता रुंद करायचं यंत्रही आलं. पार वाचला, पण मी नेमकी आखणीत सापडले.

"दुपारपर्यंत हलवा, न्हाईतर हा धोंडा भरावात जाईल," मुकादम म्हणाला.

गाव हादरलं. देवाला यंत्राचा धक्का लागता कामा नये, माणसाच्या हातांनीच न्यायचं, असं ठरलं. एकेकाळी फेटा मिळवलेला मलप्पा अंघोळ करून आला. माझ्या पाया पडला. मग पाय लागू नये म्हणून दूर उभा राहून, वाकून, हात लांबवून मला धरलं. तेलाने हात सटकले. दुसरा आला, तिसरा आला, सगळ्यांची तीच गत.

"लांबून धरून राहिलात, मग कशी उचलंल?" म्हातारे वस्ताद ओरडले. "मांडीवर घ्या तिला!"

"देवाला मांडी लावता? पाप हाय ते!" सरजाबाई कडाडली.

यंत्र घरघरू लागलं. खरं सांगते, तेव्हा मीसुद्धा घाबरले.

तेवढ्यात जगदेवी पुढे आली. पदर खोचून ती सरजाबाईला म्हणाली, "मावशी, नातवाला तुम्ही कुठं घेता? मांडीवरच ना? त्याला राग येतो का?"

सरजाबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा यंत्राकडे. मग हळूच म्हणाली, "घे माय. पण पाडू नको."

जगदेवी धुळीत बसली. मला पोटाशी ओढलं. दात आवळले, आणि किती वर्षांनी मी माणसाच्या मांडीवर चढले! मग छाती, मग खांदा. तिने मला मागे टाकलं नाही. एकेक पाऊल रोवत ती थेट तालमीकडे निघाली. वस्तादांनी पुढे होऊन कुलूप काढलं. धप्पकन मी मातीत पडले. अहाहा, मित्रांनो, देव्हाऱ्यात ते सुख नाही!

जगदेवीचं लुगडं शेंदराने माखलं होतं. सरजाबाई काठी टेकत आत आली. आता ही भांडणार, असं साऱ्यांना वाटलं. पण म्हातारी खाली बसली आणि आपल्या पदराने माझा तेल-शेंदूर खसाखसा पुसू लागली.

"पोरांचा हात घसरंल की," ती म्हणाली. "पोरींचाबी."

तेव्हा मित्रांनो, मला हार नको, नारळही नको. या, मातीत बसा, मला पोटाशी धरा. पहिल्या दिवशी मी जागची हलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा या.