छातीतली राख

लोहाराला समजावणं म्हणजे थंड लोखंडावर घण घालणं. हात आपलेच झिणझिणतात, लोखंड तसंच राहतं. लोहारणीला हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं, तरी बाईनं घण घालायचं काही सोडलं नव्हतं. त्या दिवशीही उजाडल्यापासून तेच चाललं होतं.

पेरणी महिना-दीड महिन्यावर आली होती. जमीन तापून भेगाळली होती आणि वारा सुटला की शेतातली माती उठून थेट भट्टीपाशी यायची. दारात नांगरांच्या फाळांचा, कुऱ्हाडींचा, खुरप्यांचा ढीग पडलेला. आणि या ढिगाचा मालक खांबाला टेकून, गुडघ्यांवर हात रोवून, तोंड उघडं टाकून बसलेला. त्याच्या छातीत शिट्टी वाजत होती.

"भाता ओढ," तो म्हणाला. मग थांबला, श्वास गोळा केला. "नीट ओढ."

"नीटच ओढतेय. तुम्ही बोलू नका. एक शब्द बोलता अन् दोन वेळा धापा टाकता."

"फाळ... थंड पडला..."

"पडू दे. तुम्ही थंड पडलात तर मी काय फाळ घेऊन बसू?"

तो काहीतरी कडक बोलणार होता, पण तेवढा वारा त्याच्या छातीत नव्हता. एके काळी हा माणूस भट्टीतून ओरडला की पाणवठ्यावरच्या म्हशी माना वर करायच्या. आता त्याला धड भांडताही येत नव्हतं, आणि समोरचा भांडत नसेल तर एकटीनं भांडण्यात काय राम? लोहारणीला सगळ्यात जास्त त्याचाच राग यायचा.

औषध नव्हतं असं नाही. बाजारगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, फोटो काढला आणि सांगितलं, धुरानं फुप्फुसं खराब झाली आहेत; गेली ती परत यायची नाहीत, पण उरली आहेत ती नीट ठेवू. त्यांनी प्लास्टिकचं बोटभर यंत्र दिलं आणि त्यात घालायच्या कॅप्सूल दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. नर्सबाईनं कसं घ्यायचं ते करून दाखवलं आणि विचारलं, "कळलं का काका?"

"कळलं," लोहार म्हणाला. कळलं नाही असं म्हणायची त्याच्या घराण्यात पद्धतच नव्हती. लोहारीण तेव्हा बाहेर औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभी होती.

घरी आल्यावर त्यानं कॅप्सूल यंत्रात घातली, यंत्र पिळलं, तोंडाला लावलं आणि गाल फुगवून त्यात अशी जोरदार फुंकर मारली की दुसऱ्या टोकानं पांढरा फुफाटा उडाला. उन्हाच्या तिरिपेत तो तरंगत राहिला.

"बघितलंस?" लोहाराचे डोळे चमकले. "राख! छातीतली राख निघाली!"

आता हसायचं तर हसा, पण ज्यानं जन्मभर भात्यानं वारा घातला आणि भट्टीतली राख उडताना बघितली, त्याला दुसरं काय वाटणार? लोहारणीलाही तेच वाटलं. उलट तिला हायसंच वाटलं. इतक्या वर्षांचा धूर एकदाचा बाहेर पडतोय म्हटल्यावर कुणाला वाटणार नाही?

मग तो रोजचा कार्यक्रमच होऊन बसला. शेजारचा मिशाळ शेतकरी मुद्दाम बघायला यायचा.

"आज कमी निघाली रे."

"काल... दोन घेतल्या होत्या."

"मग आजही घे की. गाळ उपसायचा तर एका बादलीनं भागतं का?"

सल्ला फुकटचा आणि ऐकणारा लोहार. दोनाच्या तीन झाल्या, तीनाच्या चार. राख निघतच होती, पण दम काही जाईना. खाटेवरून दारापर्यंत जायचं तरी मध्ये भिंत धरावी लागे. महिनाभराचं औषध महिना भरायच्या आतच संपलं आणि पुन्हा आणायला कोण गेलं? लोहारीणच. खिडकीतला माणूस तिच्यावर खेकसला, "औषध आहे की फुटाणे? जास्त घेतलं तर छाती धडधडते, हात कापतात, माहीत आहे का?" लोहाराची तर छाती धडधडत नव्हती, हातही कापत नव्हते. ती खाली मान घालून उभी राहिली आणि औषध घेऊन परत आली.

दुपारी घरी पोचली तर हा म्हणतो, "नको मला. भंकस औषध. राख... संपतच नाही."

लोहारीण उन्हातून आलेली, पोटात अन्नाचा कण नाही. तिनं पिशवी खाटेवर आपटली. "नाही कशी संपत? डोंगर आहे का छातीत?"

आणि बोलता बोलताच ती थबकली. तिनं सकाळीच नाक शिंकरलं होतं, ते काळंभोर निघालं होतं. लोहार थुंकायचा तेही काळपटच असायचं. मग छातीतूनच एवढं पांढरंशुभ्र कसं काय यायचं? तिनं पिशवीतली एक कोरी कॅप्सूल काढली आणि तिचे दोन भाग ओढून तळहातावर उपडी केली. चिमूटभर पांढरी पूड पडली. तिनं फुंकर मारली. तिरिपेत तसाच फुफाटा तरंगला.

लोहारणीनं तळहातावर उरलेली पूड लोहाराच्या नाकासमोर धरली. मग तिचा आवाज चढला तो थेट आढ्यापर्यंत.

"ही तुमची राख? ही यात कुणी भरली, तुमच्या आजोबानं? अहो, हे औषध आहे, औषध! इतके दिवस तुम्ही ते उडवताय अन् आम्ही सगळे येडे टाळ्या वाजवतोय!"

"नर्सबाईनंच सांगितलं... श्वास जोरात सोडा."

"सोडा, अन् मग?"

"मग..." लोहार आठवू लागला. "मग पुढं काहीतरी... म्हणाली."

"काहीतरी म्हणाली! अहो, ओढा म्हणाली असेल! औषध आत जायचं की बाहेर?"

"मला शिकवू नको. वारा... घालतात. ओढत नाहीत."

"तुम्ही काय भट्टी आहात?"

त्यावर लोहारानं तोंड फिरवलं. पण लोहारीण आता ऐकणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं मिशाळाला गाडी जुंपायला लावली. "भावोजी, तुम्हीच चार घ्यायला लावल्यात, आता तुम्हीच न्या." मिशाळ गुपचूप बैल हाकत राहिला.

"कसं घेता ते करून दाखवा बरं," नर्सबाई म्हणाली. लोहारानं छाती काढून ऐटीत फुंकर मारून दाखवली. नर्सबाईच्या चष्म्यावर पांढरा थर बसला. तिनं चष्मा काढला, पुसला आणि पाठमोरी होऊन जरा हसून घेतलं. वळली तेव्हा चेहरा गंभीर होता.

"चुकलं माझंही. मी तुमच्याकडून तेव्हाच करवून घ्यायला हवं होतं. आता बघा काका. आधी श्वास सोडायचा, पण यंत्र तोंडापासून लांब धरून. मग ओठ घट्ट आवळायचे अन् जोरात, खोल ओढायचं. आत कॅप्सूल खडखडली पाहिजे. मग श्वास कोंडून धरायचा. झालं की चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. अन् बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही, त्रास झाला म्हणून वाढवायचं नाही. जास्त दम लागला तर इकडे यायचं. आणि धुरापासून लांब."

लोहारानं ओढलं. खडखडलं. त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"गोड लागलं," तो नवलानं म्हणाला.

"इतके दिवस लागलं होतं का कधी?" लोहारीण दात आवळून म्हणाली.

पुढचे दिवस मात्र पाण्यासारखे सरळ गेले नाहीत. चूक कळणं वेगळं आणि ती अंगातून जाणं वेगळं. यंत्र तोंडाला लागलं की त्याचे गाल आपोआप फुगायचे. लोहारीण समोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "लांब धरा. सोडा. आता ओढा. ओढा म्हणते ना! कोंडा." तो डोळे वटारायचा. एकदा जरा मोकळं वाटलं तर लगेच दुसरी मागू लागला. तेव्हापासून कॅप्सूलची पट्टी तिनं स्वतःच्या कमरेला खोचली. चूळ भरायला तर लहान पोरासारखं मागे लागावं लागे. भट्टी तिनं ताब्यात घेतली, आणि त्याला वाऱ्याच्या वरच्या अंगाला, धूर येणार नाही अशा झाडाखाली कुऱ्हाडींना दांडे ठोकायला बसवलं. स्वतःही तोंडाला फडकं बांधलं. रात्री अंग असं ठणकायचं की कूस बदलवत नसे, आणि यश काय, तर तो कालच्यापेक्षा आज चार पावलं जास्त चालला. असल्या यशावर कुणाचं पोट भरतं?

मिशाळानं एकदा विचारलंच, "राख निघते का रे अजून?"

"संपली," लोहार तोऱ्यात म्हणाला. "साफ केली मी सगळी."

भट्टीमागून लोहारणीनं हे ऐकलं. चिमटा फेकून मारावा असं तिला फार वाटलं. तिनं लोखंडावर घण घातला.

पेरणीच्या अगदी आदल्या आठवड्यात ती पाणवठ्यावर गेली होती. चार बायका धुणं आपटत होत्या. बोलण्यात वेळ गेला, आणि एकदम झाडाच्या बाजूनं आवाज आला.

"अगं ए भवाने, पाणी आणायला गेलीस की विहीर खणायला गेलीस, इकडे भट्टी विझायला आली, फाळाचं गिऱ्हाईक दारात उभं आहे, अन् तुझ्या गप्पा काही सरत नाहीत, येतेस की येऊ मी तिकडे!"

सगळं एका दमात. मध्ये कुठे तुटलं नाही, कुठे शिट्टी वाजली नाही. पल्याडच्या म्हशींनी माना वर केल्या.

बायकांनी धुणं थांबवलं. एक जण हळहळून म्हणाली, "काय बाई तोंड तरी! चार लोकांत असं बोलतात का बायकोला? जा बाई, जा लवकर."

लोहारीण उठली नाही. तिनं भरलेली घागर खाली ठेवली आणि ओल्या हातानं डोळे पुसले.

"थांब गं," ती म्हणाली. "अजून एकदा ओरडू दे."