साखळी तुटली नाही

पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि इतका वेळ जपून धरलेली घरातली शांतता मोडली. तिने डोळे उघडले नाहीत. गुडघ्यांखाली दुमडलेली चादर होती, जोडलेले हात खुर्चीवर टेकलेले होते आणि प्रार्थनेचा तास संपायला अजून अवकाश होता.

"आई," शेजारी बसलेली लेक कुजबुजली, "दूध."

तिने नुसती मान हलवली. तासात उठायचं नाही, हा नियम तिचाच होता. दूध उतू गेलं, चर्र आवाज झाला, करपट वास घरभर पसरला. लेकच मग उठली, टाचा उंचावून तिने गॅसचं बटण फिरवलं आणि मांजरासारखी परत येऊन बसली.

रविवारी चर्चमधल्या उपासनेत पाळक, म्हणजे तिचा नवराच, म्हणाले होते, "देवावर भार टाकायचा म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. जीव ओतायचा. अर्धं मन त्याला चालत नाही." नवऱ्याचं बोलणं एरवी ती फारसं मनावर घेत नसे, निदान चारचौघांत थट्टेने तसं सांगत असे. हे मात्र तिने घेतलं. गाणेबाईंचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी 'आता घरीच न्या' म्हणून सांगितलं होतं. मंडळीतल्या प्रत्येक पोराला पहिलं गीत ज्यांनी शिकवलं, त्यांना असं सहज जाऊ द्यायचं? ती दारोदार हिंडली आणि प्रार्थनेची साखळी बांधली. रात्रंदिवस, एकेका घराने एकेक तास धरायचा. आपला संपला की पुढच्याला फोन करायचा आणि एवढंच म्हणायचं, "धरा." मध्ये खंड पडू द्यायचा नाही.

तास भरला. तिने बेकरीवाल्या काकांना फोन लावला.

"काका, धरा."

"धरलं, बाई. पीठ मळून ठेवलंय. ते आपलं फुगत बसेल, मी आपला गुडघे टेकून बसतो."

ती हसली. साखळी सुरू झाल्यापासून सगळ्यांनाच असं हसू येऊ लागलं होतं. त्याआधी गाणेबाईंच्या खोलीत जायचं तर प्रत्येकजण दारातूनच परतायचं निमित्त शोधायचा. उशाशी बसायचं, त्यांचा श्वास कुठे अडकतोय ते ऐकत राहायचं आणि आपल्या हातात काहीच नाही, हे पुन्हा पुन्हा कळून चुकायचं. आता प्रत्येकाला करायला काहीतरी होतं.

करपलेलं पातेलं घासताना तिला कालचं आठवलं. गाणेबाई उशांना टेकून बसल्या होत्या. ओठ निळसर झाले होते, पण जीभ तशीच होती.

"एवढे गुडघे झिजवताय माझ्यासाठी," त्या म्हणाल्या होत्या. "वर गेल्यावर मी तोंड कसं दाखवू? एवढ्या शिफारशी घेऊन आलेली बाई, म्हणजे नक्की काहीतरी गडबड असणार."

"असं बोलू नका हो."

"बरं, नाही बोलत." मग थोडं थांबून, दाराकडे बघत, "उद्या येशील ना जरा? नुसती बस. एकटीला खोली फार मोठी वाटते गं."

"येते की. माझा तास झाला की येतेच."

"हो हो. तास झाला की ये."

उरलेलं दूध तिने डब्यात ओतलं, लेकीचा हात धरला आणि निघाली. गाणेबाईंची खोली शिंप्याच्या दुकानावर होती. शिंपीणकाकू दारातच बटणं लावत बसल्या होत्या. तिला बघून त्यांनी दाताने दोरा तोडला.

"या या. आमचा पहाटेचा तास अगदी छान झाला बघा. वर रात्री सोबतीला आलेल्या नर्सताई अजून आहेत वाटतं, काही चाहूल नाही. झोप लागली असेल बाईंना."

"नर्सताई? तिची तर सकाळची ड्यूटी आहे ना आजपासून? मला वाटलं, तुम्हीच अधूनमधून वर..."

"मी? मला वाटलं..."

काकूंच्या मांडीवरची बटणं घरंगळत पायरीवर गेली. ती उचलायला कोणी वाकलं नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. गाणेबाई पलंगाच्या कडेवर अर्ध्या ओणव्या झाल्या होत्या. एक हात स्टुलाच्या दिशेने लांबलेला होता. पेला पलंगाखाली गेला होता आणि फरशीवर सांडलेलं पाणी कडांनी वाळत आलं होतं. तिने तो थंडगार हात हातात घेतला. मग हळूच त्यांना उशीवर सरळ केलं, चादर छातीपर्यंत ओढली, कपाळावरचे केस मागे सारले. या सगळ्याला क्षणभर लागला. किती सोपं होतं.

हळूहळू खोली भरली. नर्स गणवेशातच धावत आली. "मी निघाले तेव्हा बोलत होत्या हो चांगल्या," ती भिंतीला टेकून म्हणाली. "म्हटलं, जाऊ का? तर म्हणाल्या, जा, कोणीतरी येईलच. मला वाटलं, इतकी माणसं आहेत..."

बेकरीवाले काका आपला तास पुढच्या घराला देऊन आले. त्यांच्या पँटच्या गुडघ्यांवर पिठाचे दोन पांढरे गोल होते. ते पलंगापाशी उभे राहिले आणि गाणेबाईंनाच सांगितल्यासारखे म्हणाले, "आत्ता तुमच्यासाठीच बसलो होतो."

"साखळी मात्र तुटली नाही," शिंपीणकाकू डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. "एक क्षणसुद्धा नाही."

कोणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही.

पाळक सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी गाणेबाईंचे अर्धे उघडे डोळे मिटले, हात बराच वेळ तिथेच ठेवला. मग बायकोच्या चेहऱ्याकडे बघून ते हलकेच म्हणाले, "त्या एकट्या नव्हत्या. प्रभू होता त्यांच्याजवळ."

"आमेन," कोणीतरी पुटपुटलं. मग आणखी एकदोघं. बुडत्याने धरावं तसं सगळ्यांनी ते वाक्य धरलं. तिनेही ओठ उघडले.

तेवढ्यात लेक पलंगाखाली शिरली आणि पेला घेऊन बाहेर आली. फ्रॉकच्या कडेने तिने तो पुसला, स्टुलावर नीट ठेवला, पलंगाच्या अगदी जवळ सरकवला. मग एकेकाकडे बोट करत ती आठवून आठवून बोलू लागली.

"काकूंचा तास पहाटेचा. मग आपला. मग बेकरीवाल्या काकांचा." ती थांबली, आईचा हात ओढला आणि वर बघून विचारलं,

"आई, पाणी द्यायचा तास कुणाचा होता?"